समतोल साधा, पण पोळ्या झाल्यावर

दोहातल्या मराठी घरांत हल्ली फ्रिजवर रंगीत वेळापत्रक असतं. हिरवा रंग मुलांचा, निळा नवऱ्याचा, पिवळा ऑफिसचा. आईचा रंग कुठला? तिच्या हातात मार्कर आहे ना, पुरे की!

'व्यग्र आईने समतोल कसा साधावा' यावर व्याख्यानंही होतात. बहुधा शुक्रवारी सकाळी, म्हणजे ऐन सुट्टीत. ऐकायला जायचं तर पहाटे उठून जेवण करून ठेवायचं. बाबांसाठी असं व्याख्यान कुणी ठेवत नाही.

त्यांचा समतोल साधून झालेला असतो. कुणी साधला, ते विचारू नये.

भारताचं घड्याळ कतारच्या अडीच तास पुढे. सासूबाई सकाळी सातला हौसेने फोन लावतात, तेव्हा दोहात साडेचार वाजलेले असतात. 'झोपमोड तर नाही ना केली?' छे हो. शाळेची बस सहाच्या आतबाहेर येते, डबे भरायचेत, फोन स्पीकरवर आहे.

शेजारच्या अमिरातींनी २०२२ मध्ये शनिवार-रविवारची सुट्टी घेतली. कतार शुक्रवार-शनिवारवर ठाम आहे. त्यामुळे रविवारी नाशिकचे काका निवांत गप्पा मारायला फोन करतात तेव्हा इथे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, आणि शुक्रवारी इथे सुट्टी तेव्हा पुण्याच्या ऑफिसची मीटिंग. बाईचा जीव दोन्ही पंचांगांत अडकलेला.

गणपतीचंही तसंच. चतुर्थी येते तिच्या तिथीला, मंडळाचा कार्यक्रम होतो शुक्रवारी. म्हणजे मोदक दोनदा. लुलू सुपरमार्केटात खवलेलं फ्रोजन खोबरं मिळतं खरं, पण ते वापरलं की साताऱ्यातल्या आजीला व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवरूनसुद्धा कळतं!

भारतीय शाळांत जागा पुरेनात म्हणून अलीकडे काही शाळांनी दुपारची पाळी सुरू केली. सोय झाली. आता थोरला सकाळच्या पाळीत आणि धाकटी दुपारच्या, असं झालं की आईच्या वाट्याला काय येतं?

दोन्ही पाळ्या.

बाळंतपणाचा हिशेब तर ऐकाच. कतारचा २००४ चा कामगार कायदा खासगी नोकरीतल्या बाईला वर्षभर नोकरी झाली असेल तर ५० दिवसांची भरपगारी रजा देतो. पुढे वर्षभर बाळाला पाजायला रोज एक तास. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. ५० दिवस म्हणजे आपल्या आज्यांचा सव्वा महिना आणि वर दीडेक आठवडा. तेवढ्यात बाळाला दिवस-रात्रीतला फरकही कळत नाही. एचआरला मात्र कळतो.

मग माहेरची आई व्हिजिट व्हिसावर येते. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, वावडिंग, जुन्या सुती साड्यांच्या दुपट्यांची चळत आणि तळाशी खलबत्ता. वजन जास्त भरलं की विमानतळावर लाडू हातात येतात, खलबत्ता जागेवरच राहतो. तीन महिने घर कसं शिस्तीत चालतं! लोक सुनेचं कौतुक करतात: किती छान मॅनेज करते.

व्हिसा संपला की मॅनेजमेंट मुंबईच्या विमानात बसते.

त्यानंतर घरात मदतनीस येते. तिच्यासाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे: दिवसाला जास्तीत जास्त १० तास काम, आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी. तो सगळीकडे पाळला जातो असं समजण्याइतके आपण भोळे नाही. पण कागदावर तरी तिला १० तास आहेत. घरच्या बाईला कागदही नाही.

आणि त्या मदतनिसीची स्वतःची पोरं? ती नेपाळमध्ये नाहीतर फिलिपिन्समध्ये आजीकडे. इकडच्या आईचा समतोल तिकडच्या आजीच्या गुडघ्यांवर उभा. समतोलाच्या व्याख्यानात या आजीवर एकही स्लाइड नसते.

नवरे मदत करतात हो. कोण नाही म्हणतंय? शनिवारी गाडी काढतात, ट्रॉली ढकलतात, 'कोथिंबीर कुठली घेऊ?' म्हणून फोटो पाठवतात. ती दुकानाच्या त्याच रांगेत चार पावलं पुढे उभी असते.

वेळापत्रकं, अ‍ॅप, रंगीत मार्कर सगळं राहू द्या. एक बिनखर्चाचा प्रयोग करा. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून आईचा नंबर काढा, बाबांचा घाला. उद्या पांढरे बूट, परवा प्रोजेक्टचा थर्माकोल, तेरवा 'फळांचा राजा'ची वेशभूषा, हे सगळे निरोप रात्री साडेनऊला त्यांच्या फोनवर येऊ द्या.

समतोलाचं पुढचं व्याख्यान शुक्रवारी नको, कामाच्या दिवशी ठेवा, अशी मागणी तेच करतील.