यादीत नाव, नावात संशय

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या उड्डाणबंदीच्या यादीत विसाच्या आतच नावे होती, आणि त्या दिवशी विमाने पळवणाऱ्या १९ जणांपैकी एकाचेही नाव त्यांत नव्हते. सरकारने यातून योग्य तो बोध घेतला आणि यादी हजारोंवर नेली.

नाव चढायला 'वाजवी संशय' पुरतो. तो कोणता, हे गुप्त. आपले नाव चढले आहे हेदेखील माणसाला बहुधा विमानतळाच्या काउंटरवर, बॅगा वजनकाट्यावर ठेवल्यावरच कळे. २००४ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांना नामसाधर्म्यामुळे अनेकदा अडवले गेले. थेट गृहसुरक्षा मंत्र्यांपर्यंत जाऊनही निस्तरायला तीन आठवडे लागले. ज्यांची मंत्र्यांशी ओळख नाही, त्यांच्यासाठी २००७ पासून तक्रारअर्जाची सोय आहे. अर्जाला क्रमांक मिळतो.

या यंत्रणेचे खरे वैभव दिसले ते स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मलेशियन महिलेच्या खटल्यात. एफबीआयच्या फॉर्मवर 'या याद्यांत नाव घालू नये' असे लिहून खाली चौकटी दिल्या होत्या. अधिकाऱ्याने सूचना उलटी वाचली आणि नको त्या चौकटींत खुणा केल्या. २००५ मध्ये व्हीलचेअरवर आलेल्या या बाईंना सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर बेड्या पडल्या. चूक होती एका खुणेची. ती उघड व्हायला २०१४ उजाडले. मधल्या काळात सरकार राष्ट्रीय गुपिताच्या नावाने लढत राहिले आणि साक्षीला निघालेल्या त्यांच्या लेकीलाही, ती अमेरिकन नागरिक असूनही, विमानात चढता आले नाही.

भारतातही २०१७ पासून अशी यादी आहे, पण दंगेखोर प्रवाशांची. निमित्त झाले उस्मानाबादच्या तेव्हाच्या खासदारांनी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यावर चालवलेल्या चपलेचे. इथे गुन्हा सांगतात, मुदत सांगतात, वर अपीलही देतात. सुरक्षेच्या बाबतीत इतका ढिलेपणा शोभत नाही.

अमेरिकेत २०१४ मध्ये ओरेगनच्या न्यायालयाने ही तक्रारपद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर यादीत असलेल्या अमेरिकन नागरिकाला निदान 'होय, आहात' एवढे कळू लागले. खटला अंगाशी आला की मात्र जुना डाव तयार असतो: नाव गुपचूप काढायचे आणि आता तक्रारच उरली नाही, असे न्यायाधीशांना सांगायचे. 'खबऱ्या हो, नाव काढू' असे एफबीआयने सुचवल्याचा आरोप करणाऱ्या एका नागरिकाचे नाव २०१६ मध्ये असेच, कारण न देता वगळले गेले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की एवढ्याने खटला संपत नाही.