कॅमेऱ्याची सॅक: निवडीचे शास्त्र आणि नकाराचे तत्त्व

एका दिवसाच्या ट्रेकसाठी कॅमेऱ्याची सॅक निवडण्याचा विषय लोक हलक्यात घेतात आणि मग जड वाहत बसतात. दुकानात शिरून ‘बॉडी, तीन लेन्स, ट्रायपॉड, सगळे मावेल अशी दाखवा’ असे म्हणणे ही या क्षेत्रातली आद्य चूक होय. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सिद्धान्त नेमका उलटा आहे: सॅकचे खरे काम नाकारण्याचे. हौशी छायाचित्रकाराला स्वतःच्या सामानाला ‘तू घरी थांब’ असे सांगता येत नाही. ते त्याच्या वतीने एखाद्या चेनने सांगावे लागते. म्हणून सॅकच्या तीन प्रती मानाव्यात. योग्य वेळी बंद व्हायला नकार देते ती उत्तम. कुरकुर न करता सगळे गिळते ती अधम. आणि पोट भरल्यावरही ट्रायपॉड, जॅकेट, चटई बांधायला बाहेरून पट्टे पुढे करते ती अधमाधम.

पुरावा वजनकाट्यावर आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याची बॉडी साधारण 700 ग्रॅम भरते. 24-70 एफ 2.8 लेन्स 900 ग्रॅमच्या आसपास, 70-200 एफ 2.8 सुमारे दीड किलो, वाइड लेन्स अर्धा-पाऊण किलो, बऱ्यापैकी ट्रायपॉड दीड किलो. हा सगळा संसार पोटात घेणारी जाड फोमची सॅक रिकामी असतानाच दीड-दोन किलोची असते. म्हणजे पाण्याचा एक थेंब भरण्याआधी पाठीवर सात किलो चढले. पाणी याबाबतीत कठोर आहे: एक लिटर म्हणजे एक किलो, सूट नाही. तीन लिटर पाणी, डबा, रेनकोट, टॉर्च आणि प्रथमोपचाराचे सामान मिळून आणखी चार किलो. अकरा किलो घेऊन कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढता येतात, यात वाद नाही. मात्र 1646 मीटरवर, महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर, असा माणूस पोहोचला की पहिली दहा मिनिटे तो क्षितिजाऐवजी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत असतो. आणि गुडघ्यांचा फोटो काढायला 70-200 लागत नाही.

आता लिटरच्या हिशेबाकडे वळू, कारण गिऱ्हाईक फसते ते इथे. पट्टीवर ‘25 लिटर’ छापलेले असते, पण कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये त्यातला मोठा हिस्सा फोमच्या कप्प्यांनी आधीच आरक्षित केलेला असतो. उरलेल्या वरच्या खणाला ‘वैयक्तिक सामान’ असे भारदस्त नाव मिळते आणि त्यात एक विंडचीटर व दोन केळी राहतात. जाहिरातीतल्या चित्रात सॅक उघडी दाखवतात तेव्हा तिच्यात लेन्सा ओळीने उभ्या असतात. डबा कधीच दिसत नाही, जणू छायाचित्रकार प्रकाशावर जगतो. सह्याद्रीत हा हिशेब महागात पडतो. पावसाळ्यात पाणी पायाखाली, डोक्यावर आणि बुटात असते, पण उन्हाळा लागला की गडांवरची बरीच टाकी आटतात किंवा शेवाळतात. म्हणून पहिला नियम: सॅकमध्ये आधी पाणी ठेवावे, मग खाणे, मग पावसापासून बचावाचे साधन, आणि उरलेल्या जागेत कॅमेरा. जे उरलेल्या जागेत बसत नाही, त्याची त्या दिवशी गरज नव्हती असे समजावे. समजत नसल्यास सॅक आणखी लहान घ्यावी.

दुसरा निकष उघडण्याचा. दुकानात विक्रेता तीन वाटा दाखवतो: वरून, बाजूने आणि पाठीकडून. पाठीकडून उघडणाऱ्या सॅकमागे खरा विचार आहे. सॅक चिखलात आडवी ठेवली की मळतो तो तिचा बाहेरचा भाग. पाठीला लागणारी बाजू वर राहते आणि पट्टे कोरडे राहतात. शिवाय ट्रेनमध्ये मागच्याला चेन सापडत नाही. बाजूने उघडणारी सॅक एका खांद्यावरून पुढे ओढून चटकन कॅमेरा काढता येतो; ही सोय खरी, पण ती मैदानावरची. हरिहरच्या जवळजवळ उभ्या, कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत अडकलेले असतात, आणि उत्तम दृश्य नेमके तेव्हाच उभे राहते. तिथे झटपट उघडणाऱ्या चेनपेक्षा न उघडणारी चेन अधिक हितकारक. ट्रायपॉड बाजूला बांधावा की मागे, या वादाचा निकालही डोंगरच देतो: कुठेही बांधा, तो कारवीच्या जाळीत अडकतोच. बाहेरच्या खिशात चिवडा ठेवू नये. गडावरच्या माकडांना लेन्सच्या किमतीशी देणेघेणे नसते, चिवड्याशी असते. पण ओढाताणीत दोन्ही दरीत जाऊ शकतात.

पावसाचे प्रकरण स्वतंत्र विवेचनाला पात्र आहे. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे पाणी थोडा वेळ विचार करून आत येते. सॅकसोबत येणारे रेन कव्हर बाहेरची बाजू झाकते. पाठ आणि सॅक यांच्यामधल्या फटीतून ओघळणारे पाणी आणि घाम यांना मात्र मोकळी वाट असते. यावर उपाय आतून करावा: तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग, नसल्यास जाड प्लॅस्टिकची पिशवी. महाराष्ट्रात 2018 साली कॅरीबॅगवर बंदी आल्यापासून घरातल्या जुन्या जाड पिशव्यांना वारसावस्तूचे मोल आले आहे, त्या जपाव्यात. आणि घरी परतल्यावर कॅमेरा सॅकमध्येच झोपवू नये. ज्या फोमचे पैसे आपण संरक्षणासाठी मोजलेले असतात, तोच ओल धरून ठेवतो, आणि ओल व अंधार मिळाला की लेन्सवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण भिजलेल्या सॅकपुढे त्यांचे फारसे चालत नाही.

या सिद्धान्तावर आक्षेप येतील. पहिला: ‘कोकणकड्यावर सर्पगरुड दिसला आणि टेलिलेन्स घरी असली तर?’ तर त्याला डोळ्यांनी पाहावे. कड्यावरच्या वाऱ्यात सॅक उतरवून, चेन शोधून, धुक्याचा ओलावा सेन्सरवर न येऊ देता लेन्स बदलेपर्यंत गरुड थांबत नाही. ज्याला पक्षीच टिपायचे आहेत त्याने टेलिलेन्स लावूनच निघावे आणि बाकीच्या घरी ठेवाव्यात. सिद्धान्त तोच राहतो. दुसरा आक्षेप: ‘एवढे नाकारायचे तर मोबाइल पुरे, कॅमेरा कशाला?’ हा युक्तिवाद वजनदार आहे, पण अपुरा. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत, पाण्यातल्या पिंडीभोवतीच्या मंद उजेडात, मोठ्या सेन्सरचा फरक दिसतो. शिवाय मोबाइलवाल्याच्या सॅकमध्येही पॉवर बँक, गिम्बल आणि सेल्फी स्टिक निघतातच; रोग कॅमेऱ्याचा नाही, मोकळ्या जागेचा आहे. तिसरा आक्षेप संरक्षणाचा: ‘खास सॅक नसेल तर आपटून नुकसान होईल.’ तेवढ्यापुरता फोमचा सुटा इन्सर्ट मिळतो. तो साध्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये ठेवावा, त्यात एक बॉडी आणि एक लेन्स बसते, फार तर दुसरी लहान लेन्स. ट्रेक नसेल त्या दिवशी तो काढून सॅक बाजारहाटासाठीही वापरता येते, जे कप्प्याकप्प्यांच्या महागड्या सॅकला जमत नाही.

शेवटी प्रत्यक्ष खरेदीची कृती. मान खाली वाकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड टोचते, तिथपासून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर कुणाकडून तरी मोजून घ्यावे. सॅकची पाठ त्या मापाची हवी, उंचीच्या अंदाजाने घेऊ नये. कंबरपट्टा रुंद आणि गादीचा असावा, कारण भार कंबरेवर उतरला तरच खांदे संध्याकाळपर्यंत आपले राहतात. बेंबीवर लोंबणारी दोन बोटांची पट्टी हा कंबरपट्टा नव्हे, अलंकार आहे. मग विक्रेत्याकडे पाच किलो वजन मागावे. तो संकोचला तर शेजारच्या किराणा दुकानातून आट्याची पिशवी आणावी, ती सॅकमध्ये घालून जिना दोनदा चढावा आणि लोकांच्या नजरांकडे दुर्लक्ष करावे. एका दिवसाच्या ट्रेकला 20 ते 25 लिटरची, चांगल्या कंबरपट्ट्याची साधी सॅक आणि आत एक इन्सर्ट, एवढे पुरते. खरेदीला जाताना कॅमेरा घरी ठेवावा आणि पाण्याच्या तीन भरलेल्या बाटल्या सोबत न्याव्यात. ज्या सॅकमध्ये त्या सुखाने बसतील आणि वर थोडीच जागा उरेल, तीच घ्यावी.