पॅनेल वर की खाली?

आमच्या सोसायटीत ‘लॅपटॉप जरा हळू चालतोय’ हे वाक्य जिन्यात उच्चारायची सोय नाही. वर कुठंतरी दार वाजतं आणि लिनक्सकाका खिशात पेनड्राइव्ह घालून खाली येतात. साठीला टेकलेलं वय, फुकट मिळालेला टी-शर्ट, कपाळावर चष्मा. लॅपटॉप कुणाचा, त्याला झालंय काय, या क्षुल्लक गोष्टींत न शिरता ते थेट विचारतात, “डेस्कटॉप कुठला हवाय तुम्हाला?” समोरच्याला वाटतं, मागच्या चित्राबद्दल चाललंय. तो म्हणतो, “गणपतीचा टाका.”

पुढचा पाऊण तास गेला म्हणून समजा. लिनक्समध्ये खालची यंत्रणा तीच ठेवून मेनू, खिडक्या, पट्ट्या असा वरचा सगळा थाट बदलता येतो, आणि तो बदलत राहणं हाच काकांचा संसार आहे. त्या थाटावर बसून करायचं कामही असतं, हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे.

गाडी १९९६ पासून सुटते. त्या साली जर्मनीत त्युबिंगेनला शिकणाऱ्या मथियास एट्रिखनं केडीई हा डेस्कटॉप सुरू केला. पण तो उभा होता क्यूटी नावाच्या साधनसंचावर, आणि क्यूटीचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. झालं! पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपची वेगळी चूल मांडली. काका हे अशा सुरात सांगतात की वाटणीच्या वेळी ते ओसरीवर हजर असावेत. २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं, भांडणाचं मूळच संपलं. तरी चुली दोनच्या दोन राहिल्या. यात मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही.

केडीई सगळं विचारून करतं. पट्टी वर हवी का खाली, घड्याळात सेकंद हवेत का. खिडकी ओढली की ती थरथरावी का आणि थरथरावी तर किती, यासाठीसुद्धा तिथं सरकपट्टी आहे. काकांचा एक अख्खा रविवार त्या सरकपट्टीवर गेलेला मी पाहिलाय. ग्नोम उलट काही विचारतच नाही. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि जुना मेनू गेला, खालची पट्टी गेली, खिडकी मिटवायचं बटणसुद्धा गेलं. “लिनसनंही त्या वर्षी ग्नोम सोडलं, एक्सएफसीईवर गेला,” काका सांगतात. लिनक्सच्या या जनकाचं टोरवाल्ड्स हे आडनाव घेण्याइतका परकेपणा दोघांत उरलेला नाही. मग अर्जेंटिनातल्या एका पठ्ठ्यानं जुनं ग्नोम २ जिवंत ठेवलं. त्याच्या त्या प्रकल्पाचं नाव ‘माते’, आणि काका ते संबोधनातच घेतात. गेलेल्या गोष्टी ग्नोममध्येही परत आणता येतात, पण एक्स्टेन्शनं घालून. आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की त्यांतली काही रुसून बसतात. त्यांची समजूत काढायला काका असतातच.

हे ज्ञान एरवी निरुपद्रवी आहे. पण त्यांना सोसायटीचे खजिनदार सापडले. बँकेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. मेंटेनन्सच्या पावत्या, मराठीत नोटीस आणि गणपतीचे फोटो पाठवणं, याच्या पलीकडे त्यांची काही मागणी नव्हती. काकांनी आधी ग्नोम दिलं. त्यात सेटिंग्जमध्ये मराठी कळफलक जोडला की सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. नोटिशी झकास निघाल्या. घोडं अडलं गणपतीपाशी. फोटो जोडायला गेलं की समोर नुसती नावांची यादी, आयएमजी अमुक आणि आयएमजी तमुक.

“अहो, आकड्यांवरून मूर्ती कशी ओळखायची?”

“ही तक्रार २००४ पासून नोंदवलेली आहे,” काका अभिमानानं म्हणाले.

२०२३ मध्ये ग्नोम ४४ बरोबर तिथं छोटी चित्रं दिसू लागली, तेव्हा काकांनी पेढे वाटले. पुतणीचं लग्न ठरलं असणार, असं समजून आम्ही खाल्ले.

पण खजिनदार तोवर थांबले नव्हते. त्यांच्या जुन्या लॅपटॉपला ग्नोम जड जात होतं, म्हणून काकांनी त्यावर एक्सएफसीई चढवलं होतं. हा प्रकार हलका, आणि मुख्य म्हणजे त्याला घाई नाही. २०१५ ची ४.१२ आवृत्ती, त्यानंतरची ४.१४ थेट २०१९ ला. बटण काल जिथं होतं तिथंच आज. फोटो नावावरूनच शोधावे लागत, पण खजिनदारांनी ती नावं वहीत लिहून ठेवली आणि तक्रार मिटवली. माझं मत विचाराल तर माणसानं इथंच थांबावं. संगणकाकडे रोज नव्यानं बघावं लागू नये, यापरती सोय नाही. काकांना मात्र एवढं समाधान बघवेना. २०२४ मध्ये केडीईचं प्लाझ्मा ६ आलं आणि ते पेनड्राइव्ह घेऊन पोचले. “नुसतं बघा तर खरं.”

खजिनदारांनी बघितलं. महिन्याभरानं जिन्यातून त्यांचाच आवाज ऐकू आला.

“पट्टी डावीकडे घेतली की हिशेबाच्या दोन ओळी जास्त दिसतात.”

“पण घड्याळ चेमटतं ना, साहेब!”

“घड्याळ भिंतीवर आहे माझ्याकडे.”

काका निरुत्तर झालेले आम्ही प्रथमच ऐकले. तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी बसतात. रंगसंगती तीनदा बदलली, खिडक्यांची थरथर वाढून पुन्हा कमी झाली. मेंटेनन्सच्या पावत्या मात्र मागच्या तिमाहीपासून कुणालाही मिळालेल्या नाहीत. शेवटी सेक्रेटरींनी वैतागून कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्बनचं पावतीबुक आणून दिलं. खजिनदार ते वापरायला तयार आहेत. शिक्का वर मारायचा की खाली, एवढं दोघांचं ठरायचंय.