निरोष्ठ थाळी

आहारतज्ज्ञाकडे जावे की न जावे, ही आमच्या घरातील दरखास्त गेल्या दिवाळीपासून तहकूब होती. आणि ती तहकूब ठेवण्याचा अखत्यार सर्वस्वी माझ्याकडे असल्याने, दर वेळी तीत नवी त्रुटी काढून ती मी दाखल करणारणीकडे, म्हणजे पत्नीकडे, परत पाठवीत आलो होतो. फी जास्त आहे, ही पहिली त्रुटी. ऊसबिल जमा झाल्यावर पाहू, ही दुसरी. तिसरी मी कोणास सांगितलेली नाही, कारण ती शुद्ध अहंकाराची आहे: जो गृहस्थ बारामतीच्या भिगवण चौकात चहा घेता घेता मधुमेहापासून मानदुखीपर्यंत सर्व व्याधींवर साऱ्या तालुक्यास विनामूल्य सल्ला देतो, त्याने आपल्या मुलीच्या वयाच्या तज्ज्ञ बाईंपुढे बसून "सकाळी काय खाता?" या प्रश्नाचा जबाब द्यावा, हे माझ्या प्रतिष्ठेस मानवणारे नव्हते.

वास्तविक सल्ल्यांची टंचाई महाराष्ट्रात कधीच नव्हती. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की दिवसातून दोनदाच, आणि तेही प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर सांगतात की वेळच्या वेळी, थोडेथोडे, घरचे आणि तुपासह खा. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलांच्या पंगतीस हजर राहणाऱ्या सभासदाच्या निःपक्षपातीपणाने मी दोन्ही मते शिरोधार्य मानली: दीक्षितांची दोन जेवणे कायम केली आणि मधल्या रिकाम्या काळात दिवेकरांचे तूप.

तथापि माझा खरा भरवसा होता तो मोरोपंतांवर. बारामतीत राहून पंतांनी (1729–1794) जी एकशे आठ रामायणे रचली असे मानतात, त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. म्हणजे ओठास ओठ न लागता म्हणता येणारे, प, फ, ब, भ, म या पाचही ओष्ठ्य वर्णांचा ज्यात आमूलाग्र त्याग केला आहे असे. ज्या रामायणात खुद्द रामाचे नाव 'म'कारामुळे वर्ज्य ठरते, ते लिहावयास घेणाऱ्या पुरुषाचा निग्रह केवढा असेल! आणि एका रात्री, पुरणपोळीच्या गुंगीत छताकडे पाहत पडलो असता, मला साक्षात्कार झाला की हे काव्य नसून पथ्य आहे. पुरणपोळी, बासुंदी, पेढा, बर्फी, भजी, भाकरी, मिसळ, मटण, फरसाण, जिलबी, सारी मंडळी ओष्ठ्य! पंतांच्या चाळणीतून खाली उरते काय, तर काकडी, गाजर, कारले, ताक आणि नाचणी. म्हणजे अक्षरशः आहारतज्ज्ञाचा तक्ता. तो अठराव्या शतकातच आमच्या गावी सिद्ध झालेला असताना आज त्यासाठी रोख रक्कम का मोजावी, असा बिनतोड युक्तिवाद मी पत्नीपुढे मांडला, आणि श्रीखंडात एकही ओष्ठ्य वर्ण नाही, ही सनदही जाता जाता सादर केली. तिने शांतपणे ऐकून घेतले. "अहो," ती म्हणाली, "पंतांना ओठ न मिटता बोलायचं होतं. तुम्हाला ते मिटायचे आहेत."

यावर उत्तर नव्हते, म्हणून मी गोठ्यात गेलो. आणि तेथे माझी अधिकच फजिती झाली. गायीच्या दावणीत हिरवा चारा किती, कडबा किती, पेंड आणि खनिज मिश्रण किती, हे पशुवैद्याने ठरवून दिलेले असते, आणि त्यात गड्याने हयगय केली तर मी घर डोक्यावर घेतो. ऊस लावण्यापूर्वी शेतातली माती शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासावयास जाते. सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांचा दाखला हाती आल्याखेरीज को 86032 च्या बेण्यास मी खताचा दाणा दाखवीत नाही. गाय, ऊस, माती या सर्वांस तज्ज्ञ हवा. धन्याचे पोट तेवढे उपजत सर्वज्ञ! अर्थात ज्या मुलखात टनावर पैसे मिळतात आणि ज्याच्या मोरगावी लंबोदर स्वतः ठाण मांडून आहेत, तेथे वजनाची लाज बाळगावी कोणी?

मध्यंतरी पत्नीने पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिकांविषयी वाचून दाखविले. 2004 साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, 22.3, परंतु चरबी युडकिनांच्या अंगी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बालकेही त्यांच्या पथकास वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. आणि गरोदरपणी आईला काय मिळाले, काय मिळाले नाही, याचा धागा मुलाच्या पुढच्या व्याधींपर्यंत पोचतो, असे त्यांचे सांगणे.

येथे मला विनोद सुचेना. माझी आई सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यातली. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास बारामतीच्या रानांत आले. तिच्या माहेरच्या माळावर ते कधी चढलेच नाही. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडीत होती आणि मिलोची लाल भाकरी व कामावरची सुकडी खाऊन दिवस ढकलीत होती. पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. ज्या पोटावर मी आजवर इतक्या कोट्या केल्या, त्यात तिच्या उपासाचाही काही हिस्सा असेल. आणि 'पुरे' म्हणून ताटावर आडवा धरलेला माझा हात बाजूस सारून ती जी शेवटची भाकरी वाढते, ती नाकारण्यास मला एकट्याचे बळ पुरणार नाही, त्यासाठी कोणा परक्याचा लेखी हुकूमच पाहिजे, हे मला त्या दिवशी पटले.

दरखास्त मंजूर झाली. तज्ज्ञ बाईंनी फोनवरच फर्मान काढले की येण्यापूर्वी काही दिवस तोंडात जाईल त्या प्रत्येक जिनसाची नोंद ठेवा. लेखनाचे काम म्हणताच मला स्फुरण चढले. सकाळच्या पोह्यांवरच दीड पान झाले, त्यातली विशेषणे पत्नीने खोडली. रात्री जेवणानंतर मी वही उघडली. "काय लिवलंस?" आईने विचारले.

"एक भाकरी," मी म्हणालो.

"अडीच लिव," ती म्हणाली. "एक लिवलीस तर तिला वाटंल, ह्यांच्या घरात खायाला न्हाय."