बेचाळीस इंचांची गाडी

मिस्त्रीकडे गाडीची पहिली वस्तू आली ती किल्लीची साखळी. साखळीला शिंगं रोखलेला पितळी बैल. साडूच्या पोरीच्या लग्नाला नागपूरला गेला होता, तेव्हा सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेऊन आला. गाडी नव्हती, किल्ली नव्हती. पण साखळी खिळ्याला लागली आणि त्या दिवसापासून "गाडी हाये, थोडं काम बाकी हाये," असं मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला. त्याला आता सहा वर्षं झाली.

आलापल्लीहून एटापल्लीकडे निघालं की रस्त्याला लागून त्याचं टिनाचं शेड आहे. बाहेर जुन्या ट्यूबांची माळ, पंक्चर बघायचं घमेलं, आणि पाठ मोडलेली एक खुर्ची. ती गिऱ्हाइकासाठी. शेडचा मूळ रंग कोणता, हे आता मिस्त्रीलाही सांगता येणार नाही. सूरजागडच्या पहाडातून लोहखनिज भरून निघालेले ट्रक दिवसरात्र याच रस्त्यानं आष्टीकडे जातात आणि जाता जाता दिसेल त्या वस्तूला लाल रंगाचा एक हात देऊन जातात. सागाची पानं लाल, म्हशी लाल, शाळेत पोचेपर्यंत मास्तरही लाल. पावसाळ्यात हीच धूळ चिखल होते आणि रस्त्यातल्या खड्ड्यांची खोली कळेनाशी होते. अशा रस्त्याच्या कडेला बसून हा माणूस लॅम्बोर्गिनी बांधणार आहे.

घर बांधायच्या आधी दारावरची पाटी करून घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मिस्त्री त्याच जातकुळीतला. फक्त त्याची पाटी चार चाकांची आहे.

एरवी हात सोन्याचा. माझ्या मोटारसायकलचा आवाज तो ती दिसायच्या आधी ओळखतो. "सर, तुमचा क्लच गेला," असं दुरूनच ओरडतो, आणि मी पोचेस्तोवर त्यानं पाना हातात घेतलेला असतो. पण इंजिन उघडून ठेवलं की तो डाव्या हातानं मोबाइल काढतो आणि माझा क्लच तिथंच राहतो. "हे पाहा गा सर. आता सांगा, कुंटाश घ्याव का जीटी-फॉर्टी?" घ्याव म्हणजे विकत घ्यायचं नव्हे. कोणत्या गाडीची नक्कल करायची, एवढंच.

विलायतेत हा धंदा रीतसर चालतो. पेटीतून गाडीचे सुटे भाग येतात, फायबरचं अंग येतं, एखाद्या जुन्या गाडीचं इंजिन काढून त्यात बसवायचं आणि घरच्या गॅरेजात गाडी उभी करायची. इंग्लंडात १९५७ साली लोटस सेव्हन निघाली ती अशीच सुट्या भागांतही मिळायची, कारण तयार गाडीवर खरेदीकर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागेल, म्हणून कंपनी म्हणे गाडी खोलायची पुस्तिका द्यायची. गिऱ्हाइकानं ती मागून पुढं वाचायची. हे मी सांगितलं तेव्हा मिस्त्रीला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. "आपण तं तसंच शिकलो ना सर. आधी खोललं, मंग उलटं लावलं. दोनचार बोल्ट उरतेतच."

निवडीला पहिली तीन वर्षं गेली. जीटी-फॉर्टी म्हणजे फोर्डची शर्यतीची गाडी. १९६६ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही जागा तिनं घेतल्या. नावातला चाळीस हा तिच्या उंचीचा आकडा, चाळीस इंच. कुंटाश म्हणजे लॅम्बोर्गिनीची ती पाचरीसारखी गाडी, कात्रीसारखे वर उघडणारे दरवाजे असलेली. तिची उंची बेचाळीस इंच. मिस्त्रीनं टेप काढला आणि दारात उभ्या असलेल्या ट्रकचं मागचं चाक मोजलं. १०.००-२० मापाचा टायर, उंची साडेएकेचाळीस.

"म्हणजे जीटी-फॉर्टीचं छप्पर टायरच्या खाली राहते," तो गंभीरपणे म्हणाला. "डायवरले दिसनारच नाई. कुंटाश अर्धा इंच वर हाये. कुंटाशच घेऊ."

त्या अर्ध्या इंचावर निवड पक्की झाली. गाडीचं पोट जमिनीपासून चार-पाच इंचांवर येतं आणि शेडसमोरच्या खड्ड्यात माझा गुडघा जातो, हा मुद्दा मी मांडून पाहिला. त्यावर मिस्त्रीचं उत्तर तयार होतं. लॅम्बोर्गिनीही मुळात ट्रॅक्टरवालाच. शेतकऱ्याचा मुलगा, दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या उरल्यासुरल्या सामानातून ट्रॅक्टर बांधायला लागला आणि १९६३ साली मोटारींकडे वळला. "मंग? ट्रॅक्टरवाल्याची गाडी चिखलाले भिते का?"

कुंटाश हे नावही त्याला फार आवडलं होतं. इटलीच्या पिएमोंत भागातल्या बोलीतला तो उद्गार आहे. काही अचाट दिसलं की माणसाच्या तोंडून निघतो तसा. मिस्त्रीनं त्याचं भाषांतर तिथल्या तिथं केलं आणि मागच्या काचेवर काय लिहायचं तेही ठरवून टाकलं: 'अरे बाप्पा'.

मग इंजिन. कुंटाशचं इंजिन बारा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं, पावणेचारशे घोड्यांचं आणि माणसाच्या पाठीमागे बसवलेलं. मिस्त्री महिनाभर विचारात होता. एक दिवस मला शाळेच्या फाटकावर गाठून म्हणाला, "सापडलं. आपल्या देशात पाठीमागं इंजन असनारी गाडी कोनती? नॅनो!" चूक काही नव्हती. २००९ साली लाखाच्या किमतीचा गाजावाजा होऊन आलेल्या नॅनोचं इंजिन खरोखरच मागे होतं. ६२४ सीसी, दोन सिलिंडर. मी पाढा म्हटला: बे सक बारा, म्हणजे सहा नॅनो. मिस्त्रीनं खडू घेतला आणि शेडच्या टिनावर हिशोब मांडला. सहा नॅनो जोडल्या तर सिलिंडर बारा होतात, सीसी पावणेचार हजारांच्या घरात जातात, पण घोडे सव्वादोनशेच्या आसपासच भरतात. दीडशे घोडे कुठं गळाले, याचा त्यानं दोन दिवस शोध घेतला. शेवटी एकाच नॅनोवर आला. पुण्याच्या कारखान्यातून निघालेल्या डीसी अवंतीचा त्याला आधार मिळाला. दिल्लीच्या २०१२ च्या वाहनमेळ्यात दिलीप छाब्रियांनी ही गाडी भारताची सुपरकार म्हणून मांडली, आणि ती विक्रीला आली तेव्हा तिच्यात रेनोचं दोन लिटरचं इंजिन होतं. "सुपरकार दोन लिटरची चालते, तं अर्ध्या लिटरची चालाले काय झालं? पेट्रोल कमी पिईल." चंद्रपूरच्या भंगारात एक नॅनो सापडली, तिचं इंजिन टेम्पोत घालून आणलं. आजही ते पोत्याखाली झाकून आहे. मांजर त्याच्यावर झोपते.

सांगाड्यासाठी चौकोनी पाइप आले. वेल्डिंग करणारा जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करत आलेला. त्यानं सवयीनं दोन्ही बाजूंना मधोमध एकेक कमळ बसवून दिलं. कमळं मिस्त्रीनं काढली नाहीत. "आतून दिसत नाई," म्हणाला.

खरा प्रसंग अंगाचा. फायबरचं अंग करायला आधी साचा लागतो, साच्याला आधी मूळ आकृती लागते. ती मिस्त्रीनं वारुळाच्या मातीची आणि पीओपीची केली, आणि ओतकामाला चंद्रपूरहून एक कारागीर आणला. हा माणूस फायबरचे वाघ करण्यात मुरलेला. ताडोबाच्या वाटेवर रिसॉर्टच्या दारात जे वाघ बसलेले दिसतात, तसे. तो आला मे महिन्यात. आता फायबरचं काम असं असतं: साच्याला मेण घासायचं, जेलकोटचा हात द्यायचा, मग काचतंतूची चटई अंथरून तिच्यावर रेझिन ब्रशनं टोचत, हवेचे बुडबुडे काढत जिरवायचं. रेझिनमध्ये हार्डनर पडला की ते स्वतःच तापायला लागतं आणि घट्ट होतं. बाहेर पारा शेहेचाळीसवर, वर टिनाचं छप्पर. पहिल्या बादलीत हार्डनर घालून कारागिरानं बिडी पेटवली. बिडी अर्धी होईस्तोवर बादलीतून धूर निघायला लागला. ब्रश बादलीत उभाच्या उभा थिजला. ती बादली अजून आहे, दाराला टेकू म्हणून वापरतात. दुसऱ्या बादलीला पहाटे चारला सुरुवात केली आणि बॉनेट निघालं. मिस्त्रीनं ते उजेडात आणून ठेवलं आणि आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. कारागिराचा हात सवयीनं वळला होता. बॉनेटला भुवया होत्या. दिव्यांच्या खोबणी डोळ्यांसारख्या किंचित तिरप्या, मधे दबलेलं नाक. इटलीचा बैल काढायला गेला आणि ताडोबाचा वाघ झाला.

मिस्त्रीच्या घरी वहिनींना बॉनेट पाहताक्षणी पसंत पडलं. उलटं ठेवलं की हातभर रुंद, उथळ, गुळगुळीत परात. पुढच्या मार्चात मोहफुलं वेचून आणली ती त्यातच वाळायला पडली. "घरात चार वर्सं झाली, एक तरी वस्तू कामाले आली," असं त्या मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या.

आणि त्या मोहफुलांनीच घात केला. रंग मारायला बॉनेट चंद्रपूरला न्यायचं ठरलं. टेम्पोत बॉनेट, एका पिशवीत लाल-काळ्या वायरी, जुनी बॅटरी, पाइपाचे तुकडे. सोबत मी, कारण माझी तालुक्याला मीटिंग होती आणि टेम्पोत जागा होती. गडचिरोली जिल्ह्यात वायरी, बॅटरी आणि पाइप एका पिशवीत घालून कोणी हिंडत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये याच सूरजागडच्या पहाडावर नक्षलवाद्यांनी खाणीची डझनावारी वाहनं जाळली होती. नाक्यावर पिशव्या उघडल्या जातात त्या उगाच नाही. जवानानं पिशवी पाहिली, आमच्याकडे पाहिलं, आणि आम्हाला खाली उतरवलं. मिस्त्री समजावून सांगायला लागला की ही गाडीची वायरिंग आहे. गाडी कुठे आहे? गाडी बांधायची आहे. ही कोण? हे बॉनेट आहे. तोवर दुसरा जवान बॉनेटला नाक लावून उभा राहिला होता. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात आमच्या लॅम्बोर्गिनीला मोहाचा खमंग वास येत होता.

तासभर गेला. मी शाळेचं ओळखपत्र दाखवलं, त्यानं संशय वाढला. शेवटी मिस्त्रीनं मोबाइलवर कुंटाशचा फोटो काढून साहेबापुढे धरला. साहेब पंजाबकडचा असावा. फोटो पाहताच त्याचा चेहरा बदलला. "दरवाजा ऊपर खुलेगा?" मिस्त्रीनं हातानं करून दाखवलं, कोपरापासून वर. साहेबानंही तसंच करून पाहिलं. मग दोघंही नाक्यावर उभे राहून हात वर-खाली करत राहिले आणि माझी मीटिंग बुडाली.

एकदा मी त्याला देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यातले हे कारागीर. भंगारातून, पोराच्या हौसेखातर, साठेक हजारांत छोटी जीप बांधली, दुचाकीसारखी लाथ मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना नवी कोरी बोलेरो दिली. मला वाटलं, मिस्त्री पेटून उठेल. तो बराच वेळ कार्ब्युरेटर पुसत राहिला. "त्याहीनं बरोबर केलं," म्हणाला. "पन त्याहीची बनून गेली ना सर. मंग गेलीच ते. आता त्याहीले बोलेरो चालवा लागते."

पासिंगचा विषय मी काढला तोही असाच बारगळला. घरी बांधलेली गाडी आपल्याकडे रस्त्यावर आणायची तर आधी त्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर असलेल्या गाडीतही मनासारखा फेरबदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. एमएच-३३ ची पाटी तिला कधी लागणार नाही, एवढं मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. मिस्त्रीनं रस्त्याकडे बोट दाखवलं. समोर एक ट्रक खड्ड्यात एका अंगाला कलून उभा होता, मागे अर्ध्या किलोमीटरची रांग. "ह्याहीची पासिंग हाये ना? मंग चालून राहिले का?"

मागच्या दिवाळीत एक भाग पुरा झाला. दरवाजा. डावा. एका मोडक्या गाडीच्या डिकीचे गॅसवाले दांडे मिळाले होते, ते बिजागरीशी जुळवत मिस्त्री पंधरा रात्री जागला. एका बोटानं उचलला की दरवाजा सुस्कारा टाकत वर जातो आणि वरच थांबतो. बसवायला गाडी नव्हती. शेजारच्या चहावाल्याच्या टपरीचं फळकूट तसंही मोडलं होतं. रोज बांबूचा टेकू देऊन ते वर धरावं लागायचं. माप घेतलं तर दोनच इंचांचा फरक निघाला. तो टपरीला पत्रा ठोकून भरून काढला.

आता सकाळी सहाला चहावाला एका बोटानं टपरी उघडतो. ट्रक आला की खाली घेतो, धूळ बसली की वर करतो, दिवसातून दोनशे वेळा, आणि एकदाही अडकलेली नाही. मिस्त्रीचा चहा त्यानं फुकट केला आहे. काल मी तिथं बसलो होतो. मिस्त्री कप हातात धरून दरवाज्याकडे खालून, वरून, बाजूनं पाहत होता. मग मोबाइल काढून माझ्या कपासमोर धरला.

"सर, हे पाहा. मॅकलॅरन. हिचा दरवाजा तं वर पन जाते अन् बाहेर पन येते. कुंटाशले अजून आपन कुठं सुरुवात केली? आता सांगा, कोनती घ्याव?"