डबा घासून द्या

वरसावे पुलावर अडकलेल्या माणसाकडे एक गोष्ट मुबलक असते: वेळ. मार्च २०२३मध्ये नवा पूल सुरू झाला, तरी घोडबंदर नाक्याने ही संपत्ती फारशी घटू दिलेली नाही. मग कुणीतरी गाडीतून उतरतो, कठड्यावरून निर्माल्य खाडीत सोडतो, पिशवीसकट, आणि हात जोडतो. नदी पवित्र मानली, हेच तिचं चुकलं. नसती मानली, तर बिचारी जरा स्वच्छ राहिली असती.

खाली आहे ती उल्हासची खाडी. ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगवते आणि इथून वसईकडे समुद्राला मिळते. वाटेत शहाडला ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा संस्था तिचं पाणी उचलते आणि त्यातला वाटा मिरा-भाईंदरच्या नळांना येतो. नळातून बादलीत, बादलीतून मोरीत, मोरीतून गटारात आणि गटारातून पुन्हा उल्हासच्याच दारात.

शेजारणीकडून आलेला डबा घासून परत करावा आणि रिकामा देऊ नये, ही आपल्याकडची रीत. यातला ‘रिकामा देऊ नये’ एवढाच भाग शहरांनी कसोशीने पाळला आहे.

मलप्रक्रिया केंद्र म्हणजे हा डबा घासायची मोरी. आधी जाळीत चिंध्या आणि गुटख्याच्या पुड्या अडकतात, मग रेती तळाशी बसते. पुढच्या टाकीत हवा सोडतात आणि तिथे जिवाणू उरलेली घाण खातात. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली. हे जिवाणू ना बदली मागतात, ना भत्ता. फक्त पंपाची वीज जाऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं. अहवालात ज्याला ‘बीओडी’ म्हणतात, ती सांडपाण्याची प्राणवायूची उधारी. केंद्राने फेडली तर ठीक, नाहीतर ती नदीच्या नावावर चढते. नदीकडचा प्राणवायू संपला, की वसुली माशांकडून होते. खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याला हा हिशेब बीओडी हा शब्द न ऐकताही कळतो.

केंद्र हवं, यावर सगळ्यांचं एकमत असतं. फक्त ते आपल्या सोसायटीच्या मागे नको, यावरही.

डबा न घासता परत करण्याच्या शास्त्रात आपलं राज्य मागे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रक्रियेची क्षमता आहे ६,८९०. पुढच्याच वर्षी मंडळाने देशातले नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे मोजले. त्यांतले ५५ आपले. देशात पहिला क्रमांक, आणि तरीही कुठे अभिनंदनाचा फलक नाही!

धरणाचं पाणी शहरात आलं की जलपूजन होतं: नारळ, फेटे, छायाचित्रं. मलपूजन कुणी करत नाही. सूर्या पाणीपुरवठा योजनेत मिरा-भाईंदरचा वाटा रोज २१८ दशलक्ष लिटरचा. नळाने आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरून चालतात. म्हणजे झाले साधारण १७४. पुढच्या जलपूजनाच्या पत्रिकेवर, मान्यवरांच्या नावांखाली, हा आकडा तेवढा छापा.