सहा नंबरचा प्लग

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत रविवारी सकाळी पोडियम पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. एका तरी गाडीचं बोनेट उघडं असतं आणि त्याखालून एक बर्म्युडा आणि दोन पाय बाहेर आलेले असतात. ते पानेकाका. विंग वेगळी, आडनाव वेगळं, माणूस तोच. वागळे इस्टेट, कळव्याचं मुकंद नाहीतर डोंबिवलीची प्रीमियर यांपैकी कुठेतरी हयात गेलेली, माजिवडा ते गायमुखच्या दरम्यान मुलाने कर्ज काढून घेतलेला टू बीएचके, आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे दडवलेली लोखंडी पेटी.

आमचे पानेकाका प्रीमियरचे. पद्मिनीवर हात बसलेला, नंतर प्यूजो 309 आली तेव्हा तिच्या लाइनवर. त्या कारखान्याच्या जागेवरही आता टॉवर उभे राहताहेत, त्यामुळे टॉवर या गोष्टीवर त्यांचा मुळातच राग आहे. स्वतः सतराव्या मजल्यावर राहतात, ही गोष्ट वेगळी. पद्मिनीचं उत्पादन थांबलं आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. दोन्ही दिवशी काका जेवले नाहीत, असं ते स्वतः सांगतात. काकू म्हणतात, दुसऱ्या वेळी श्रीखंड होतं आणि दोनदा मागून घेतलं.

मुलाच्या गाडीला तीन सिलिंडर आहेत. काका तिला ‘रिक्षा’ म्हणतात आणि तीत मागेच बसतात. स्वतःसाठी त्यांनी सेकंडहँड घेतली ती तीन लिटरची व्ही-सिक्स पेट्रोल सेदान. आधीच्या मालकाला पेट्रोलचं बिल परवडेना, काकांना मोह आवरेना. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग, ग्रीन टॅक्स, सगळं भरून ती एमएच-04 आता पिलर आणि पाण्याच्या टाकीच्या मध्ये उभी असते. ती जाते कुठे? मानपाड्याला भाजी आणायला.

आता या इंजिनाची रचना समजून घ्यायला हवी, कारण काकांच्या आयुष्याला अर्थ तिच्यामुळेच आहे. इंजिन आडवं बसवलेलं. तीन सिलिंडर पुढे, तीन मागे. पुढचे तीन प्लग कोणीही बदलेल. मागचे तीन इंजिन आणि काचेखालचा पत्रा यांच्या फटीत. त्यातला सहा नंबरचा दिसतच नाही. तो बोटांनी बघायचा.

कामाला शास्त्र असतं. इंजिन पूर्ण गार पाहिजे, कारण हेड ॲल्युमिनियमचं; गरम असताना प्लग काढला तर त्याच्याबरोबर आटेही येतात. म्हणून काका आदल्या रात्रीपासून गाडीला हात लावू देत नाहीत आणि सकाळी सहाला तिच्या हेडवर तळहात ठेवून उभे राहतात. कॉइल काढल्यावर सायकलच्या पंपाने भोकातली धूळ उडवायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. मग टपारियाचा रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, पुढे सोळाची प्लग-गोटी. गोटीच्या आत रबर, प्लग धरून ठेवायला. नवा प्लग बसवताना मात्र पाना लावायचा नाही. पेट्रोलच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर चढवायचा आणि चिमटीत धरून फिरवायचा. आटा वाकडा लागला तर नळी आपोआप सुटते. पाना सुटत नाही, तो हेड खातो. हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो. कधीकाळी कोणीतरी खाल्लेलं हेड त्यांना आठवत असावं.

‘पोडियममध्ये वाहनदुरुस्तीस सक्त मनाई आहे’ अशी नोटीस सेक्रेटरींनी जाड पुठ्ठ्यावर चिकटवून पिलरला लावली. काकांना पुठ्ठा हवाच होता. त्याच्या पाठीवर त्यांनी इंजिनाचं चित्र काढलं आणि काढलेला प्रत्येक बोल्ट ज्या जागेचा त्या जागी खोचून ठेवला. पुन्हा मनाई आली तर मागच्या तीन सिलिंडरांचीही सोय होईल, म्हणाले.

प्रेक्षक असतातच. वॉचमन, दूधवाला, आणि सी विंगचे सात सीटर डिझेलवाले.

“काका, आमचेही बदलून द्या ना एकदा.”

“डिझेलला स्पार्क प्लग नसतात हो. ते दाबानेच पेटतं. थंडीत तापवायला असतात, ते ग्लो प्लग. ते वेगळे.”

“मग गेल्या सर्व्हिसला बिलात स्पार्क प्लग लावले होते ते?”

काका काही बोलले नाहीत. फक्त फडक्याने हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

काढलेले सहा प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले जातात आणि पत्रिका पाहिल्यासारखं वाचन सुरू होतं. फिकट तपकिरी टोक: सिलिंडर सुखी. काळी काजळी: पेट्रोल जास्त. ओलसर तेलकट: रिंगा गेल्या, खर्च आहे. पांढरंफटक: जास्त तापतोय. चेतकच्या डिकीत मायकोचा जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवणाऱ्या पिढीला खरं तर घासायचंच असतं. पण हे इरिडियमचे, टोक सुईसारखं, घासलं की संपलं. काकांची बोटं खिशातल्या पॉलिश पेपरपर्यंत जातात आणि परत येतात.

इरिडियमचा प्लग लाखभर किलोमीटर चालतो, मग इतक्या लवकर बदलायचा कशाला, असं एका इंजिनीअर मुलाने विचारलं. काकांना हाच प्रश्न हवा होता.

“किलोमीटर कसले मोजतोस बाळा? घोडबंदरवर राहतोस ना? कासारवडवली ते मानपाडा गाडी चालते किती आणि उभी किती? प्लगचं टोक साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर गेलं तरच त्याच्यावरचा कार्बन जळतो. इथे मेट्रोच्या खांबाशेजारी एसी लावून अर्धा तास उभा राहिलास, की प्लग काजळीच धरणार. मीटर म्हणतं चार किलोमीटर. इंजिन म्हणतं, मी लोणावळ्याला जाऊन आलो.”

यात खोट काढायला जागा नव्हती. मुलगा वर गेला आणि खाली आला तो स्वतःच्या गाडीची चावी घेऊन.

सहा नंबरच्या वेळी काकांचा हात अडकतो. हा दरवेळचा कार्यक्रम. मनगट पत्र्याखाली, चष्मा बॅटरीवर, आणि हातातून सुटलेली गोटी इंजिनाच्या आतच कुठेतरी. कारण बोनेटमध्ये पडलेली वस्तू जमिनीवर येत नसते. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून ती काढतात. शेवटी बी विंगमधल्या सातवीतल्या मुलीला बोलावणं जातं. तिचं मनगट बारीक. ती दोन मिनिटांत प्लग हाताने बसवते आणि कॅडबरी घेऊन जाते. काका म्हणतात, “मी बसवतच आणला होता.”

मग ट्रायल. पिकअप बघायचा तर रस्ता मोकळा हवा, आणि घोडबंदरला तो पहाटे चारलाच मिळेल असं वाटतं. पण रात्री न्हावा-शेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर पहाटेही गायमुखच्या चढावर एकामागे एक रांगत असतात. तीन लिटरचं इंजिन, सहा नवे प्लग, पुढे चाळीस फुटी ट्रेलर, गिअर दुसरा. फाउंटन हॉटेलपर्यंत तिसरा काही पडला नाही.

परत येताना काकांनी विचारलं, “अगं, फरक जाणवला ना?”

“जाणवला,” काकू म्हणाल्या. “मागच्या वेळी पाऊण तास लागला होता, आज पन्नास मिनिटं.”

काकांनी क्षणभर कान देऊन इंजिन ऐकलं.

“सहा नंबरचा परत बघायला पाहिजे.”